उन्हाळ्याच्या तोंडावर जलाशयाचा काठ रोज टिपायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. होळीपासून मेअखेरपर्यंत रोज सकाळी काठावर जाऊन फोटो काढायचं ठरवलं. कॅमेरा साधा, क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा. लेन्स दोन, १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटरच्या. पहिला आठवडा छान गेला. नंतर सगळे फोटो सारखेच दिसायला लागले. पांढरं आकाश, धुरकट पाणी, लांबवर फ्लेमिंगो. मोठी लेन्स घ्यावी का? की रोज जाण्यात काही अर्थ नाही?"

रोज जाण्यात अर्थ आहे, आणि तुम्ही जिथे राहता तिथे तर फारच आहे. फ्लेमिंगोंचा थवा आणि उगवता सूर्य या दोन गोष्टी तुम्ही रोज टिपताय आणि पंधरा-वीस दिवसांत त्या फारशा बदलत नाहीत, म्हणून फोटो सारखे वाटतात. रोज बदलते ती पाण्याची कड. उन्हाळ्यात जलाशय मागे हटत असतो आणि हटताना रोज थोडी नवी जमीन उघडी करत असतो. तुमच्या दोन-अडीच महिन्यांचा विषय तो सरकणारा काठ आहे. पक्षी, माणसं, उजेड हे सगळं त्या काठाच्या आधाराने येऊ द्या, मग एकही दिवस रिकामा जाणार नाही.

उजनीच्या बाबतीत हे इतकं ठासून सांगण्याचं कारण तिथल्या जमिनीत आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राखलेलं पाणी. पेपरात रोज येणारी टक्केवारी उरलेल्या साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यावर काढलेली असते, म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. आता आपल्या कामाची गोष्ट: काठोकाठ भरलेलं धरण आणि उपयुक्त साठा संपलेलं धरण यांच्या पातळीत जेमतेम सहा मीटरचा फरक आहे. भीमाकाठची जमीन सपाट, त्यामुळे एवढ्याशा उतारातही पाणी आडवं खूप लांब पसरतं आणि तितकंच लांब मागे जातं. जमिनीचा उतार शंभर मीटरला एक मीटर धरला तर पातळी ५ सेंटिमीटर उतरली की काठ ५ मीटर मागे सरकतो. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटलं, नदीत पाणी सोडलं, काठावरच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या आणि वरून ऊन, की हा खेळ रोज दिसतो.

पाणी मागे जाताना गाळ तर उघडा पडतोच, पण जुनं शिवारही वर यायला लागतं. आधी वठलेल्या बाभळींचे बुंधे, मग शेतांचे बांध, मग एखाद्या विहिरीचं कडं, जुन्या रस्त्याची खडी. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर याच पाण्यात आहे. पाणी पुरेसं उतरलं की शिखर दिसतं, आणि टंचाईच्या वर्षी माणसं चालत गाभाऱ्यापर्यंत जातात. तुमच्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आठवड्यातून एकदा तुमचे फोटो दाखवा. हा बांध कुणाचा, ही विहीर कुणाची, गाडीवाट कुठे जायची हे ते सांगतील, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा कुठे न्यायचा ते तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळेल. शिक्षक आहात म्हणून हे सुचवतोय, कारण ही माहिती लिहून ठेवणारं गावात बहुधा दुसरं कुणी नसतं.

आता प्रत्यक्ष काम. रोजच्या फेरीत एक फोटो ठरलेला ठेवा: तीच जागा, तीच दिशा, तीच लेन्स. उंचवट्यावरची, पाणी कितीही मागे गेलं तरी तिथून दिसेल अशी जागा निवडा. फ्रेममध्ये न हलणारी एक तरी वस्तू हवी. वठलेलं झाड, पुलाचा खांब, मोठा धोंडा, काहीही चालेल, पण पाणी तिच्या कुठवर आलंय हे नजरेला कळलं पाहिजे. जमिनीत एक खुंटी ठोका आणि ट्रायपॉडचा पुढचा पाय रोज तिला टेकवा. १८-५५ वर २४ चा आकडा छापलेला असतो, रिंग तिथे आणून कागदी चिकटपट्टीने घट्ट करा. ॲपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं छिद्र) एफ ८, फोकस हाताने, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग ठरवणारी सेटिंग, 'ऑटो' वर अजिबात नको. साधारण ५२०० ते ५५०० केल्विन, म्हणजे 'डेलाइट', कायम ठेवा. ऑटोवर कॅमेरा रोज वेगळा रंग ठरवतो आणि मग मार्चचं पाणी हिरवट का आणि एप्रिलचं करडं का, हे खरंच पाण्यामुळे की कॅमेऱ्यामुळे, ते सांगता येत नाही. उजनीचं पाणी उन्हाळ्यात शेवाळाने खरोखर हिरवं होतं. तो रंग खरा यायला हवा.

ठरलेल्या फोटोची वेळ घड्याळावर बांधू नका, सूर्योदयावर बांधा. २१ मार्चच्या सुमारास तुमच्याकडे सूर्य ६.३५ च्या आसपास उगवतो, मेअखेरीला ६ च्या थोडा आधी. रोज सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी फोटो घेतला तर उजेड सारखा राहतो, आणि आकाश-जमीन दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात. उगवतीकडे तोंड करून फ्रेम लावणार असाल तर एक हिशोब आधीच करून ठेवा. २१ मार्चला सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. तिथून रोज थोडा थोडा उत्तरेकडे, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला सरकत जातो, आणि मेअखेरीपर्यंत सुमारे २३ अंश सरकलेला असतो. क्रॉप सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आडवा ५०-५२ अंशांचा पट्टा पाहते. म्हणजे सूर्य जवळजवळ निम्मी फ्रेम चालून जाणार. पहिल्या दिवशी उगवती फ्रेमच्या उजव्या एक तृतीयांश भागात ठेवलीत तर शेवटी ती डाव्या एक तृतीयांश भागात येईल आणि मालिका पाहताना ते सरकणं आपोआप दिसेल. मधोमध ठेवून सुरुवात केलीत तर मेमध्ये सूर्य कडेला जाऊन बसेल.

हा एक फोटो झाला की उरलेली सकाळ मोकळी. ती मात्र छोटी असते. पांढऱ्या आकाशाची तुमची तक्रार खरी आहे, पण त्यातला मोठा भाग वेळेचा आहे. मार्चपासून हवेत धूळ वाढते, ऊस तोडून गेल्यावर पाचट पेटवतात त्याचा धूर असतो, आणि सूर्य थोडा वर आला की हा सगळा पडदा उजळून पांढरा होतो. सूर्य क्षितिजाशी असताना हीच धूळ तुमच्या बाजूने काम करते. पलीकडचा काठ, मधली होडी, जवळची बाभूळ असे एकावर एक फिकट होत जाणारे थर मिळतात, आणि तेही ७०-३०० ने छान मिळतात. म्हणून सूर्याकडे तोंड करून काम आधी उरकायचं, आणि सूर्य दोन-तीन हात वर आला की पाठ फिरवून त्याला मागे घ्यायचं. आकाश पांढरं व्हायला लागलं की फ्रेममधून ते काढूनच टाका. कॅमेरा खाली करा. गाळ, पाणी, पक्षी, जाळी यांत आकाशाची काही गरज नसते.

नऊच्या सुमारास आणखी एक अडचण उभी राहते आणि ती समजून घेतली तर लेन्सचे पैसे वाचतील. जमीन तापली की तिच्यालगतची गरम हवा वर उठायला लागते आणि तिच्यातून येणारा उजेड थरथरतो. नुसत्या डोळ्याला ते फारसं जाणवत नाही. पण २००-३०० मीटरवरचा फ्लेमिंगो ३०० मिलिमीटरने टिपला की फोटो पुसल्यासारखा येतो, आणि माणसाला वाटतं फोकस चुकला किंवा लेन्स हलकी आहे. ६०० ची लेन्स लावली तर पक्ष्याबरोबर ती थरथरही दुप्पट मोठी दिसते. उपाय अंतर कमी करण्यात आहे. उघड्या तापलेल्या गाळावरून फोटो घेण्यापेक्षा पाण्यावरून घेतला तर त्रास कमी होतो, कारण पाणी सकाळी सावकाश तापतं. आणि नऊनंतर लांबचे पक्षी सरळ सोडून द्यायचे.

पक्ष्यांचं वेळापत्रक डोक्यात असलं की त्या त्या आठवड्यात काय शोधायचं ते कळतं. पट्टकादंब आणि चक्रवाक हे हिवाळी पाहुणे मार्चमध्ये परतीला लागतात. त्यांचे थवे हवेत जमायला लागले की समजा आठ-दहा दिवस हातात आहेत. कुरव एप्रिलपर्यंत विरळ होतात. भोरड्या म्हणजे पळसमैना संध्याकाळी बाभळींवर आणि उसात प्रचंड संख्येने उतरतात आणि एप्रिलमध्ये एकदम नाहीशा होतात. काही पाणथळी पक्षी जाण्याआधी विणीचा रंग धरतात. हिवाळाभर मातकट दिसलेल्या काळ्या शेपटीच्या गॉडविट या लांब चोचीच्या पक्ष्याच्या मानेवर आणि छातीवर विटकरी तांबूस रंग चढतो. हा बदल रोज जाणाऱ्यालाच दिसतो. फ्लेमिंगो पाणी उथळ होत जातं तसे जागा बदलत राहतात, कारण त्यांना चोच उलटी करून तळ गाळता येईल इतकंच पाणी लागतं. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट आली: काठ कुठे सरकतोय ते पाहा, फ्लेमिंगो उद्या कुठे असतील याचा बराचसा अंदाज येईल. परवा गुडघाभर पाणी असलेली जागा आज वीतभर झाली असेल तर तिथे आधीच जाऊन, खाली बसून, वाट पाहणं हे मागे मागे जाण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

एक्स्पोजरबद्दल थोडक्यात. सकाळच्या पिवळ्या उन्हात गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर कॅमेरा पाण्याच्या काळेपणाला भुलतो आणि पक्षी जाळून टाकतो, म्हणजे नुसता पांढरा डाग करतो; दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). फिकट आकाशावर उडणारा पक्षी असेल तर उलट, एक स्टॉप वाढवा. उडत्या फ्लेमिंगोला १/२००० सेकंदाचा शटर पुरेसा. याच्या उलट, पहाटेच्या अंधुक उजेडात थवा आडवा जात असेल तर १/३० वर कॅमेरा त्यांच्या वेगाने फिरवत नेऊन पाहा. बरेच फोटो वाया जातील, पण जो जमेल तो तुमच्या वहीतल्या कुठल्याही फोटोसारखा नसेल.

होडीवाल्याला "थवा उडवा" म्हणून सांगू नका. हे भिगवणच्या परिसरात सर्रास होतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. फ्लेमिंगोला उडायला पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो, त्यात ताकद खर्च होते आणि चरण्याचा वेळ जातो. पुढच्या लांबच्या प्रवासासाठी तो अंगात चरबी साठवत असतो. सकाळच्या तीन तासांत प्रत्येक होडीने एकदा थवा उडवला तर त्याने खायचं कधी? तो पंखांचा लाल-काळा रंग दिसण्यासाठी थांबा. दिवसातून एक-दोनदा ते आपण होऊन उडतातच, आणि रोज जाणाऱ्याला ते मिळतंच. शनिवार-रविवारी पुण्याहून आलेल्या माणसाकडे नसलेली सवड तुमच्याकडे आहे.

यापेक्षाही गंभीर गोष्ट घरट्यांची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघड्या पडलेल्या काठावर आणि बेटांवर नदी सुरय, छोटे आर्ली, टिटव्या, चिखल्या आणि पुढे शेकाट्ये जमिनीवरच अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच; खड्यांत एक खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची अंडी. एप्रिलच्या उन्हात त्या पक्ष्याचं मुख्य काम अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवण्याचं असतं. तो पंख सैल करून अंड्यांवर सावली धरतो. टिटवी आणि सुरय तर पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. हे पाहायला विलक्षण असतं आणि लांबून, पक्षी अजिबात न बिथरता टिपता आलं तर जरूर टिपा. पण तुमच्यामुळे पक्षी उठला आणि तुम्ही 'अजून एक फोटो' म्हणून तिथेच थांबलात तर उघड्या अंड्यांतला जीव थोड्याच मिनिटांत उन्हाने जातो. शिवाय तुमच्या पावलांच्या मागावर कुत्री येतात, आणि वर कावळे पाहत असतात.

ओळखायचं कसं? टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, सुरय वरून सूर मारून अंगावर यायला लागला, चिखल्या पंख मोडल्यासारखं लंगडत पुढे पळायला लागला, की घरटं जवळ आहे. पाय उचलायच्या आधी खाली बघा, आल्या वाटेने मागे व्हा, आणि विणीपुरता तो तुकडा नकाशातून काढून टाका. घरट्याची जागा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, फोटोबरोबरही नाही. घरटीच टिपायची असतील तर भादलवाडीचा तलाव तुमच्यापासून दूर नाही. तिथे पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते आणि बांधावरून, कुणालाही त्रास न देता, पिल्लं मोठी होताना आठवड्यागणिक पाहता येतात. ७०-३०० तिथे पुरते.

गाळाबद्दल जास्त लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या मालिकेतले सगळ्यात चांगले फोटो तिथून येतील आणि तिकडे फारसं कुणी कॅमेरा वळवत नाही. पाण्यापासून वरच्या बाजूला चालत जा. अगदी कडेला चकचकीत ओला गाळ, त्यावर शेकाट्याच्या तीन बोटांचे माग, मधूनच बगळ्याच्या लांब मागच्या बोटाची रेघ. थोडं वर गाळ घट्ट झालेला, रंग काळ्याकडून करड्याकडे गेलेला, आणि त्यात केसाएवढ्या पहिल्या भेगा. आणखी वर त्या भेगा रुंदावून पाच-सहा कोनांच्या ढलप्या झालेल्या. ढलपीची वरची पातळ साय आधी वाळते, आकसते आणि कडेने वर वळते. त्या वळलेल्या कडेखाली सकाळचं तिरपं ऊन शिरलं की प्रत्येक ढलपीला एक बारीक काळी सावली मिळते. ही सावली सूर्योदयानंतर साधारण अर्धा-पाऊण तास असते, मग गाळ नुसता पांढरट सपाट दिसतो. भेगांत शिंपले अडकलेले असतात, काही उघड्या चोचीच्या करकोच्याने खाऊन टाकलेले. सगळ्यात वर हिरवं लुसलुशीत गवत आणि त्यावर गुरं. पाण्यापासून गवतापर्यंतचे हे पट्टे म्हणजे गेल्या काही आठवड्यांची उतरलेली पातळीच आहे. १८ मिलिमीटरवर, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून, हे सगळे पट्टे एका फ्रेममध्ये घ्या, एफ ११, फोकस पुढून एक तृतीयांश अंतरावर. मग तोच फोटो दहा दिवसांनी, नव्या कडेवरून.

पाण्याच्या आतलं दाखवायचं असेल, बुडालेला बांध किंवा शेवाळाचे धागे, तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५-४० अंशांच्या कोनातून पाहिलं की चकाकी सगळ्यात जास्त कटते. १८ वर आकाश धरून मात्र तो वापरू नका, आकाशात एक गडद डाग पडतो.

गाळात उतरताना एक नियम पाळा: जिथे गुरांच्या खुरांचे माग आहेत आणि ते उथळ आहेत, तिथवरच जायचं. वरून सुकलेली साय दिसते आणि खाली मांडीभर चिखल असतो. एकट्याने गेलात तर घरी सांगून जा. ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे तुकडे किंवा पत्र्याची झाकणं ठेवा, नाहीतर फोटो चालू असतानाच तो खचत राहतो. जमिनीलगत काम करायला जोंधळे भरलेली कापडी पिशवी सगळ्यात उत्तम.

माणसांशिवाय हा काठ अपुरा आहे. पहाटे जाळी ओढून येणाऱ्या होड्या, काठावर होणारी मासळीची वाटणी, भिगवणच्या बाजाराकडे निघालेली चिलापी आणि मरळ. पाणी मागे गेलं की उघड्या जमिनीत गाळपेर होते. कुठे कलिंगड, कुठे चाऱ्याचा मका. आणि पाणी लांब गेलं म्हणून शेतकरी दर काही दिवसांनी मोटार उचलून पुढे नेतो, पाइपाला पाइप जोडतो. तुम्ही ज्या सरकत्या काठाचे फोटो काढताय, त्याचा खर्च तो देत असतो. मोटार हलवायचा दिवस विचारून ठेवा आणि त्या दिवशी तिथे हजर राहा. तुम्ही गावचे आहात, तेव्हा ओळख काढायची गरज नाही, पण कॅमेरा वर करण्याआधी विचारा जरूर. मासळीच्या वजनावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून वाद चालू असेल तर कॅमेरा खालीच ठेवा. ज्यांचे फोटो काढाल त्यांना छापून एक प्रत द्या. फोनवर पाठवलेला फोटो चार दिवसांत हरवतो.

दुपारी जाऊ नका असं मी म्हणेन, एक अपवाद सोडून. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या अक्षांशावर एके दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खुंटीची सावली नाहीशी होते. शाळेला सुट्टी असते, पण मुलांना बोलवा. खुंटी, मुलं आणि मागे ओसरलेलं पाणी असा तो फोटो मालिकेत हवा. बाकी दुपारी कॅमेरा सावलीत ठेवा. बंद गाडीत किंवा डिकीत तर मुळीच नको.

एप्रिलअखेरपासून दुपारनंतर पश्चिमेला ढग उभे राहायला लागतात आणि वळवाचा हंगाम सुरू होतो. वळीव पडून गेल्यावर धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ वर्षातल्या सगळ्यात स्वच्छ सकाळींपैकी एक असते. पलीकडच्या काठावरची घरंसुद्धा मोजता येतात. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला तर त्या सकाळी काहीही झालं तरी जा. पण वळवाच्या आधी पाण्यावर जायचं नाही. वारा काही मिनिटांत उठतो आणि एवढ्या रुंद पाण्यावर लाटा मोठ्या होतात. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. दुपारनंतर ढग दिसले की होडी नाही, आणि सकाळीसुद्धा लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय नाही. विजा चमकत असतील तर उघड्या गाळावर उभे राहू नका. तिथे सगळ्यात उंच तुम्हीच असता.

घरी आल्यावरचं काम फार नाही, पण रोजचं रोज करा. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या, तारखेचं फोल्डर करा, आणि वहीत तीन ओळी लिहा: पेपरातली धरणाची टक्केवारी, वारा-ढग-धूर, आणि आज पहिल्यांदा दिसलेली किंवा आज न दिसलेली गोष्ट. ही तिसरी ओळ सगळ्यात कामाची. कुरव दिसले नाहीत हे त्या दिवशी लिहिलं नाही तर नंतर ते कधी गेले हे फोटोंवरून सांगता येत नाही. निवड मात्र रोज करू नका. आठवड्याने बसा आणि सात दिवसांतून दोन-तीन ठेवा. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधली धुरकटपणा कमी करणारी पट्टी (डीहेझ) जपून वापरा. दहा-पंधराच्या पुढे नेली की आकाशात डाग उमटतात आणि पाण्याचा रंग खोटा होतो. ठरलेल्या जागेच्या फोटोंना तर ती लावूच नका, कारण एप्रिलची हवा धुरकट होती ही त्या फोटोतली माहिती आहे.

मेअखेर ही तुमची सीमा थोडी पुढे ढकला, निदान त्या एका ठरलेल्या फोटोपुरती. उजनी भरते ती मुख्यतः वरच्या पावसावर. पुणे जिल्ह्यातली घाटाकडची धरणं भरायला लागली की मुळा-मुठा आणि भीमेतून पाणी येतं, आणि 'दौंडचा विसर्ग' किती याच्या बातम्या सुरू होतात. कित्येकदा तुमच्या शिवारात धड पाऊस नसतो आणि तरी पाणी चढायला लागतं. त्या दिवसांत ते चढतं झपाट्याने, तेव्हा दौंडचा आकडा वाढला की दिवसातून दोनदा फोटो घ्या.

राहिला लेन्सचा प्रश्न. यंदा घेऊ नका. ७०-३०० ने आणि खाली बसण्याच्या तयारीने या हंगामाचं बहुतेक काम होतं. खर्च करायचाच असेल तर एक बरा पोलरायझर, जादा बॅटरी, आणि महिन्याअखेरीला निवडक फोटोंच्या छापील प्रती, या क्रमाने करा. मेअखेरीला वही उघडून पाहा, लांबच्या पक्ष्यासाठी हळहळल्याच्या नोंदी किती आणि उशीर झाल्याच्या किती. पहिल्या जास्त निघाल्या तर पुढच्या हिवाळ्यात लेन्सबद्दल बोलू.